कच्चं घर

मराठीत ‘कच्चा’ म्हणजे अजून व्हायचा राहिलेला. कच्चा आंबा, कच्चा रस्ता, कच्चा हिशेब. आणि पोरांच्या खेळातला तो कच्चा लिंबू, जो सगळ्यांबरोबर धावतो पण ज्याच्यावर कधी राज्य येत नाही. सरकारी कागदावरच्या कच्च्या घराची गत त्या लिंबासारखीच आहे. माणसं त्यात जन्मतात, नांदतात, म्हातारी होतात, पण घर म्हणून ते मोजलं जात नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेत कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेल्या एका खोलीत राहणं ही वंचिततेची खूण धरली गेली. २०१६ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना आली, तेव्हा लाभार्थ्यांच्या याद्या त्याच नोंदींवरून निघाल्या. पक्कं घर कशाला म्हणायचं तेही योजनेनं सांगून टाकलं: नेहमीची डागडुजी केली तर निदान तीस वर्षं टिकेल ते.

तीस वर्षं न टिकणारं घर म्हणजे फसलेलं घर, असं आपण गृहीत धरतो. ते गृहीत तपासायला सिल्वासाइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल.

सिल्वासा, जुन्या मराठी लिखाणातलं सेलवास, हे दादरा आणि नगर हवेलीचं मुख्य शहर. मराठ्यांकडून १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, १७८५ मध्ये दादरा. त्यांनी आपलं ठाणं सिल्वासाला आणलं ते १८८५ मध्ये. गावाला ‘व्हिला द पासु द आर्कुश’ असं भारदस्त नावही दिलं, पण ते कागदावरच राहिलं. २ ऑगस्ट १९५४ रोजी सेलवास मुक्त झालं. त्या मोहिमेत संगीतकार सुधीर फडके कसे सामील झाले, ही गोष्ट मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. ११ ऑगस्ट १९६१ रोजी प्रदेश भारतात विलीन झाला. तेव्हा साऱ्या प्रदेशाची लोकसंख्या होती जेमतेम ५८ हजार. ४९१ चौरस किलोमीटरचा टापू, त्यात भरपूर जंगल, आणि राहणारे बहुतेक वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. म्हणजे विलीनीकरणाच्या दिवशी इथली बहुसंख्य घरं कच्ची होती.

ती कशी असायची ते आधी पाहू, कारण ‘झोपडी’ या शब्दात त्यातलं कसब पार पुसलं जातं.

लाकडाच्या मेढी जमिनीत रोवतात. मेढ निवडायची ती वरच्या टोकाला नैसर्गिक बेचकं असलेली, म्हणजे आडवं लाकूड त्यात नुसतं ठेवलं तरी बसतं, खिळा लागत नाही. मेढींवर आढं, आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर बांबू, त्यावर गवत किंवा भाताचा पेंढा, ज्याला परवडेल त्याच्याकडे कौलं. घराचा सगळा भार या सांगाड्यावर असतो. भिंतीवर काहीच नसतो. भिंत म्हणजे कूड: कारवीच्या काठ्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, बांबूच्या कांबींनी आडव्या बांधायच्या आणि वरून माती, शेण आणि भाताचं तूस कालवून लिंपायचं. भिंत पडली तरी घर उभं राहतं. एकाच बाजूचा कूड किडला तर तेवढाच बदलता येतो. आजकालच्या उंच इमारतीत खांब वेगळे आणि भिंती वेगळ्या असतात, त्याला वास्तुशास्त्राच्या पुस्तकात विसाव्या शतकातली क्रांती म्हणतात. डहाणू, तलासरी, खानवेलच्या बाजूला ते फार आधीपासून चालू होतं.

मातीच्या घराबद्दल एक ठोकळेबाज वाक्य सगळीकडे ऐकू येतं: जाड मातीची भिंत उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार. विदर्भातल्या किंवा पंढरपूरकडच्या हातभर जाड भिंतींना ते लागू आहे. तिथं दिवस तापतो, रात्र निवते, आणि जाड भिंत दिवसाचं ऊन पोटात ठेवून त्याला आत यायला उशीर लावते. पण कुडाची भिंत दोन-तीन इंचांची. ती ऊन कसलं साठवणार? आणि सिल्वासाची हवाही वेगळी. समुद्र जवळ, हवा दमट, दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नाही, आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा हवेत अंगाला बरं वाटतं ते थंड भिंतीनं नाही, वाऱ्यानं. कूड आणि छप्पर यांच्यामध्ये सोडलेली फट, काठ्यांच्या सांदी, उंच आढं, यांतून गरम हवा वर जाऊन बाहेर पडते. गवताच्या जाड थरात हवा अडकलेली असते, त्यामुळे वरचं ऊन खाली उतरत नाही. लिंपण दमट हवेतलं पाणी थोडं शोषतं आणि कोरडी हवा मिळाली की सोडून देतं. शेणाबद्दल हल्ली बरंच काही सांगितलं जातं, किरणं अडवतं वगैरे. ते सोडून द्यावं. त्यातले बारीक तंतू मातीला तडे जाऊ देत नाहीत, आणि तेवढं काम पुरेसं आहे.

मातीचा खरा वैरी पाऊस. त्यावरचं उत्तर छपरात आहे. छप्पर भिंतीच्या पुष्कळ बाहेर काढून खाली उतरवतात, इतकं की आत शिरताना मान लववावी लागते. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. वळचणीखाली जो पट्टा तयार होतो तिथं लाकूडफाटा राहतो, कोंबड्या राहतात, आणि पावसाळ्याच्या दुपारी माणसंही. हा पट्टा घरात मोजायचा की बाहेर, असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही. शहर रचणाऱ्यांना नेमकी हीच जागा काढता येत नाही, त्याकडे पुढे येतो.

आधी कारवीचं. कारवी हे सह्याद्रीतलं विलक्षण झुडूप. वर्षानुवर्षं नुसतं वाढतं, मग एका वर्षी सगळं जंगल एकदम जांभळं होतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हा फुलोरा २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. फुललं, बी धरलं की झाड वाळून जातं, आणि त्याच्या काठ्या उरतात: सरळ, बोटभर जाड, हलक्या. खाली पडलेल्या बियांतून पुढच्या पावसात नवी पिढी उगवते. भिंतीचा माल जंगल स्वतःच पिकवतं, स्वतःच वाळवतं. आठ वर्षं हे या मालाचं घड्याळ आहे. ज्या भिंतीचा माल आठ वर्षांत पुन्हा उभा राहतो, ती भिंत तीस वर्षं टिकलीच पाहिजे असा हट्ट कशासाठी? ‘टिकाऊ’ आणि ‘शाश्वत’ हे शब्द आपण पर्यावरणाच्या संदर्भात एकाच अर्थानं वापरतो. कुडाच्या घरात त्यांची फारकत होते. घर टिकाऊ नाही, घर बांधण्याची रीत शाश्वत आहे. पडलेल्या घराचा उकिरडाही होत नाही. माती मातीत, काठ्या चुलीत.

इथवर वाचून कुणाला भरून आलं असेल तर थोडं थांबावं. या घरात अंधार असतो. वाळवी मेढीचं बूड खाते. पेंढ्याचं छप्पर एका ठिणगीनं जातं, आणि त्यात विंचू राहतो, सापही. चुलीच्या धुरानं वाशांना कीड लागत नाही हे खरं, पण तोच धूर बाईच्या छातीत जातो. आणि सारवण? जमीन आठ-पंधरा दिवसांनी, भिंती सणाला आणि लग्नाला, हे सगळं बायकांच्या हातानं. मातीच्या घराच्या कौतुकाचे लेख लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्या घरात फरशी असते. वारली बाईनं कोबा मागितला तर तिनं परंपरा सोडली असं म्हणायचा अधिकार फार थोड्यांना आहे.

याच सारवलेल्या भिंतीवर लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक काढतात, मधोमध पालघाट देवी. गेरूचा किंवा शेणाचा गडद थर असल्याशिवाय ते पांढरं उठत नाही, म्हणजे भिंत आणि चित्र मुळात एकच गोष्ट होती. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे वारली चित्रं कागदावर आली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर पोचले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. चित्र भिंतीवरून उतरलं आणि मोलाचं झालं. भिंत मागे राहिली, ती कच्चीच. आता ती चित्रं बंगल्यांच्या आणि कचेऱ्यांच्या सिमेंटच्या भिंतींवर ऑइलपेंटनं काढलेली दिसतात, हा त्या गोष्टीचा पुढचा भाग.

कुडाचं घर का गेलं? लोकांना सिमेंटची हौस, हे उत्तर अपुरं आहे. घर बांधायला चार गोष्टी लागत. जंगलातून काठ्या-बांबू आणायची मोकळीक, शेणासाठी गुरं, पुरेसा लांब पेंढा, आणि सावडीनं येणारे हात, म्हणजे आज माझ्या घराला तुम्ही या, उद्या तुमच्या घराला मी येतो. या चारही एकेक करून सुटल्या. जंगलाला कायद्याचं कुंपण आलं आणि काठी तोडणं हा गुन्हा होऊ शकला. नांगराची जागा ट्रॅक्टरनं घेतली, गुरं कमी झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आयआर-८, जया अशा भाताच्या बुटक्या जाती आल्या. दाणा वाढला, पण पेंढा आखूड झाला. आणि सावडीचे हात कारखान्यात गेले. पाळीचं काम करणारा माणूस शेजाऱ्याच्या छपरासाठी चार दिवस कुठून काढणार? कूड फुकटचा होता तो या चार गोष्टी होत्या तोवर. त्या गेल्यावर तोच कूड सिमेंटच्या विटेपेक्षा महाग पडायला लागला. पर्यावरणस्नेही साहित्याची चर्चा होते तेव्हा माती घ्यावी की बांबू, यावर वाद रंगतात. माल हा प्रश्नाचा शेवटचा भाग आहे. पहिला भाग असा, की तो माल तोडायचा हक्क कुणाला आणि तो उभा करायला वेळ कुणाकडे.

कारखान्यांची सुरुवात १९६० च्या दशकात सिल्वासाजवळ पिपरियाला झाली. पुढे मसाट, खडोली इथं औद्योगिक वसाहती आल्या. करसवलतींमुळे प्लास्टिकचे, कृत्रिम धाग्याचे कारखाने झपाट्यानं वाढले. २०११ मध्ये प्रदेशाची लोकसंख्या ३ लाख ४३ हजारांवर गेली होती, सिल्वासा शहराचीच ९८ हजार. त्याच जनगणनेतला आणखी एक आकडा शहराचा नकाशा काढायला जास्त उपयोगी आहे: दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ७७४. म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून एकटे आलेले कामगार. त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या चाळी. ही गिरगावातली चाळ नव्हे, तिच्यात गॅलरी होती आणि गॅलरीत आयुष्य होतं. इथं बैठ्या खोल्यांची ओळ, वर पत्रा किंवा स्लॅब, समोर अरुंद वाट, टोकाला नळ आणि संडास. खोली पाळ्यांवर वापरली जाते. दिवसपाळीचा माणूस उठतो त्या अंथरुणावर रातपाळीचा झोपतो.

या खोलीत दुपारी झोपून पाहिलं की पक्क्या घराचा दोष कळतो. साधं गणित करू. आवास योजनेच्या घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. त्यावर चार इंची स्लॅब टाकला तर अडीच घनमीटर काँक्रीट, वजन सहा टन. हा सहा टनांचा दगड दिवसभर उन्हात तापतो. त्यातून उष्णता खाली उतरायला काही तास लागतात, म्हणजे ती नेमकी झोपायच्या वेळी पोचते. पत्रा निदान लबाडी करत नाही, लगेच तापतो आणि लगेच निवतो. स्लॅबखालचा पंखा रात्रभर गरम हवाच फिरवतो. सिमेंटचा दुसरा हिशेब जगाच्या खात्यावर जातो. चुनखडी भट्टीत सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोळसा जळाल्याचा धूर वेगळा. माणसानं हवेत सोडलेल्या या वायूचा सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

आणि वळचण? स्लॅबच्या घराला ती बहुधा नसते, आढंही नसतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही ही म्हण इथं अर्थालाच मुकते. पाणी सगळं गच्चीवर साचतं आणि पाच-सात पावसाळ्यांनी सळीला गंज चढवत खाली उतरतं. तीस वर्षांचं वचन देणाऱ्या घरावर मग निळं प्लास्टिक अंथरलेलं दिसतं. कुडाच्या घरावर पेंढा बदलायचा असे, हा तोच विधी, फक्त वाईट सामानानं केलेला.

जानेवारी २०१८ मध्ये सिल्वासाची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. त्या योजनेतली चकचकीत कामं कोणत्याही शहरात सारखीच दिसतात. मला सिल्वासासाठी फार साध्या गोष्टींचं मोल जास्त वाटतं, आणि त्या बहुतेक छपराच्या कडेशी येऊन थांबतात. चाळीच्या ओळीपुढे चार फुटांची पडवी काढली तर भिंतीवर ऊन येत नाही, पावसात दार उघडं राहतं, आणि एकट्या माणसाला बाहेर बसायला जागा मिळते. पत्र्याखाली वीतभर फट ठेवून बांबूच्या चटईचं छत केलं तर मधली हवा वाहून जाते. गवताच्या छपराचं तत्त्व तेच होतं. गच्चीला दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात दिला तर बरंचसं ऊन आल्या पावली परत जातं. अहमदाबादेत वस्त्यांमधून पांढऱ्या छपरांचा प्रयोग झाला आहे, आणि गुजरातेत तुटक्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची गच्ची तर जुनी आहे. दोन ओळींमधल्या वाटेवर काँक्रीट ओतण्याऐवजी फरशीच्या सांदी मोकळ्या ठेवल्या तर पाणी मुरतं. हजार चौरस मीटरच्या कारखान्याच्या छपरावर इथं वर्षाला किमान वीस लाख लिटर पाणी पडतं. ते गटारातून दमणगंगेत जातं, जाताना आवारातलं तेल आणि कचरा घेऊन, आणि मार्चपासून त्याच आवारात टँकर येतात.

यातली एकही गोष्ट नवी नाही, म्हणूनच कदाचित तिच्यासाठी निधी निघत नाही.

वास्तुरचनाकार लॉरी बेकर सांगत की आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचं असावं, हे त्यांनी गांधीजींकडून ऐकलं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. सिल्वासाभोवती एवढं वर्तुळ काढलं तर ते गुजरातेत शिरतं. इथल्या सीमा इतक्या गुंतलेल्या, की नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं गुजरातचं गावही आहे. त्या वर्तुळात आज काय मिळतं? मुरूम, काळा दगड, खाणीची भुकटी, बांबू, कारखान्याचं भंगार. भुकटीचा उपयोग कसा होतो हे कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला पाहावं. तिथं साखर कारखान्याच्या आवारात ‘जेतवन’ हे बौद्ध केंद्र आहे. समीप पडोरा यांच्या रचनेनं आणि भुजच्या हुन्नरशाळा या संस्थेच्या मदतीनं बांधलेलं. भिंती खाणीतल्या बेसाल्टच्या भुकटीत राख मिसळून ठोकलेल्या, छपराला मोडलेल्या जहाजांचं लाकूड. ज्याला कुणी माल म्हणत नव्हतं त्याचा माल केला. सिल्वासाच्या आणखी जवळ, डहाणू तालुक्यातल्या मुरबाड गावी (ठाण्याच्या तालुक्याचं मुरबाड ते वेगळं), ‘डिझाइन जत्रा’ हा वास्तुरचनाकारांचा गट गावच्या कारागिरांबरोबर याच जातीची घरं बांधतो. असल्या घरात जुन्यातलं जे वाईट ते काढता येतं. जोतं दगडाचं केलं की मेढीचं बूड कोरडं राहतं, बांबू बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवला की त्याला भोक पाडणारी कीड लागत नाही, छपरात दोन काचेची कौलं बसवली की अंधार जातो.

बांबू मात्र पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाशी आणून सोडतो. तो गवत आहे की झाड, यावर या देशात वर्षानुवर्षं वाद चालला, कारण झाड म्हटलं की तो वनखात्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज म्हटलं. तरी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्याचा वाहतूक परवाना हातात पडायला एप्रिल २०११ उजाडलं. तो द्यायला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला तो २०१७ मध्ये. आता शेताच्या बांधावर बांबू लावून स्वतःचं छप्पर स्वतः पिकवता येतं, निदान कायद्यानं. कारवीबद्दल असा लढा ऐकिवात नाही.

दरम्यान लोकांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. या पट्ट्यातल्या पाड्यांवर घरकुलाच्या मागे जाऊन पाहावं. पुढे गुलाबी किंवा पिवळ्या रंगाची पक्की खोली, दारावर योजनेचं नाव. तिथं कपाट, टीव्ही, धान्य, मुलांची दप्तरं. मागे तिला टेकून मेढींवर उभी केलेली कुडाची पडवी. चूल तिथं, पाटा तिथं, म्हातारी माणसं उन्हाळ्यात तिथंच झोपतात. नोंद पुढच्या खोलीची आहे. मागच्या पडवीचा पेंढा यंदा कमी पडला असेल तर त्या जागी कारखान्यातून आलेलं प्लास्टिक असतं, कडेला दगड ठेवलेलं, आणि त्याच्या टोकाखाली पागोळ्या झेलायला एक पिंप.